पडदा नसलेले नाटक

‘प्रवेश विनामूल्य’ ही पाटी वाचून आपला रसिक जरा बिचकतोच. फुकटच्या वस्तूत काही खोट असायचीच, हा आपला व्यवहारी हिशेब! त्यातून नाटक उभे न करता नुसते वाचून दाखवणार म्हटले, म्हणजे जेवणाचे आमंत्रण देऊन चहावर बोळवण. पण आमच्या वाचनालयाच्या सभागृहात यंदा हौशी मंडळींनी विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’चे जे अभिवाचन केले, ते ऐकताना वाटले, या नाटकाला याहून शोभणारी जागा मिळणे कठीण.

‘रंगायन’ने १९६७ साली हे नाटक रंगभूमीवर आणले. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचे आणि बेणारेबाई सुलभा देशपांडे. एक हौशी मंडळी खेडेगावी प्रयोगाला येते, वेळ काढायला खोट्या खटल्याचा खेळ मांडते आणि आरोपी म्हणून लीला बेणारे या शिक्षिकेला उभी करते. थट्टा कुठे संपली आणि शिकार कुठे सुरू झाली, ते कळतही नाही. नाटकातले स्थळ सभागृहच, माणसेही हौशीच. आमच्याकडे तरी निराळे काय होते? एक टेबल, काही खुर्च्या आणि हातात कागद.

या कागदांनीच अर्थ उजळला. नाटकातला भाबडा सामंत एका कादंबरीच्या आधाराने बनावट साक्ष देतो. इथे तो कागदावरून वाचत होता, आणि काल्पनिक मजकूर एका जित्या बाईला पुरावा म्हणून कसा चिकटतो, हे डोळ्यांसमोर घडले. मी स्वतः कादंबऱ्या लिहिते. तो प्रवेश मला सुखाने ऐकवला नाही.

काशीकर कान कोरतात तेव्हा सभागृह खदखदून हसले. पुढे बेणारेबाईंच्या नोकरीवर गदा येते, तेव्हा हसणारे गप्प झाले. मी शाळेत शिकवते. शिक्षिकेच्या शिकवण्यापेक्षा तिच्या घरची चौकशी करण्यात गावाला किती गोडी असते, हे मला कुणी सांगायला नको. कागद जुना असेल, ती गोडी जुनी झालेली नाही.

दोष होतेच. सुखात्मे वकील पहिल्यापासूनच इतके गरजले, की पुढे चढायला आवाजच उरला नाही. बेणारेबाईंच्या अखेरच्या स्वगताखाली पेटीचे सूर लावले होते. ते स्वगत रंगमंचावरचे कुणीच ऐकत नाही. पेटीने आम्हांलाही नीट ऐकू दिले नाही. मात्र ती वाचणाऱ्या मुलीने आसवे न गाळता, कोरड्या आवाजात वाचले, हे फार चांगले केले.

बेणारेबाई निघू पाहतात, तेव्हा दाराला बाहेरून कडी असते. आमच्या सभागृहाचे दार सताड उघडे होते. तिकीट नव्हते, म्हणून पैसे वसूल करण्यासाठी बसून राहण्याची सक्तीही नव्हती. तरी कुणी उठले नाही. विनामूल्य प्रयोगाला याहून मोठी पावती कोणती?

दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात ‘आविष्कार’ने १९७४ पासून प्रायोगिक नाटकांना आसरा दिला. तशी सभागृहे गावोगावच्या शाळांत संध्याकाळी कुलुपात पडून असतात. दिवाळीची सुटी संपली, की निदान एकाचे कुलूप उघडा. खुर्च्या आहेतच, कागद घेऊन बसणारी चार माणसे तेवढी हवीत.