उसने न मिळणारे तेल

आमच्या चाळीत वाटीभर साखर किंवा पळीभर तेल उसने मागायला कुणी संकोचत नसे. त्यामुळे मत्तयकृत शुभवर्तमानाचा पंचविसावा अध्याय पहिल्यांदा वाचला, तेव्हा त्यातल्या पाच शहाण्या कुमारींचा मला रागच आला. नवरदेवाला सामोऱ्या निघालेल्या दहाजणींपैकी पाचजणींनी दिव्यांबरोबर तेलाची भांडी घेतलेली असतात. नवरदेवाला उशीर होतो, मध्यरात्री हाक येते, उरलेल्या पाचजणींचे दिवे विझू लागतात आणि शहाण्या सांगतात, जा, विकत आणा. शेजारधर्मात हे बसत नाही.

ख्रिस्ताच्या पुनरागमनाची तयारी म्हटले की हाच दाखला पुढे केला जातो. तेल म्हणजे ज्याचा त्याचा विश्वास. आईची भक्ती मुलीच्या कामी येत नाही, असा त्याचा रूढ अर्थ. तो चुकीचा नाही. पण वाचताना एक तपशील सहज निसटतो. वाट पाहता पाहता दहाही जणी झोपतात, शहाण्यासुद्धा! शेवटी मात्र ‘जागे राहा’ असाच इशारा आहे. म्हणजे ही जाग डोळ्यांची नव्हे. झोप लागण्याआधी काय जमवून ठेवले, एवढाच प्रश्न.

शिवाय अध्याय तिथे संपत नाही. त्याच्या अखेरीस राजा न्यायाला बसतो आणि सांगतो की मी भुकेला, उघडा, परका होतो, तेव्हा तुम्ही मला सांभाळले. ऐकणारे चकित होतात. त्यांनी त्याला कधी पाहिलेलेच नसते. एकाच अध्यायात एक गोष्ट म्हणते, देता येत नाही. दुसरी विचारते, दिलेस का? प्रवचनकार बहुधा यातली एकच निवडतात. मला वाटते, पहिलीतला कठोर नकार दुसरीवाचून सहन होण्यासारखा नाही.

हा पेच जुनाच आहे. थेस्सलनीका इथल्या मंडळीला पौलाच्या नावाने गेलेल्या दुसऱ्या पत्रात, प्रभूचा दिवस आलाच अशा आवईने लोक बिथरल्याचे दिसते आणि कामधंदा सोडून बसलेल्यांची कानउघाडणीही आहे. वाट पाहणे आणि हात चालू ठेवणे यांची सांगड तेव्हाही सोपी नव्हती.

मराठीत ही सांगड कुणी घातली असेल तर ती पंडिता रमाबाईंनी. आपली समीक्षा ‘स्त्रीधर्मनीति’ आणि अमेरिकेचे प्रवासवृत्त यांवर लिहिते. केडगावच्या रमाबाई तिला अवघड जातात. १९०५ च्या जूनमध्ये तिथे जे धार्मिक पुनरुज्जीवन झाले, मुली रडत, मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, ते वाचून आपण पान उलटतो. प्रभूचे येणे जवळ आले आहे ही भावना त्या काळच्या अशा वर्तुळांत प्रबळ होती. आणि त्याच वातावरणात ही बाई विहिरी खणते, शेती करते, छापखाना चालवते, दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुलींना पोसते. उद्याच सारे संपणार असे मानणारा माणूस विहीर कशाला खणेल? पंचविसावा अध्याय शेवटपर्यंत वाचलेला माणूस खणेल.

आयुष्याची अखेरची पंधराहून अधिक वर्षे त्यांनी बायबलच्या भाषांतराला दिली. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. मराठी बायबल आधीपासून होते. पण त्याची संस्कृतप्रचुर भाषा साध्या बायकांना पेलणारी नाही, असे त्यांचे मत होते. विश्वास उसना मिळत नसेल, तर प्रत्येकीच्या हाती तिला कळेल असे पुस्तक हवे. मला हे भाषांतर त्या दाखल्यावरचे भाष्य वाटते: तेल देता येत नाही, पण घाणा घालून देता येतो. खिळे जुळवणाऱ्या आणि छापणाऱ्याही आश्रमातल्याच बायका.

दोष नाहीत असे नाही. हिंदू छटेचे शब्द गाळण्याचा त्यांचा कटाक्ष मला खटकतो. तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे गेलेल्या नारायण वामन टिळकांना तशी गरज भासली नाही. विटेवर उभा राहून पुंडलिकाच्या सेवेतून मोकळे होण्याची वाट पाहणारा देव ज्या भाषेत आहे, तिला उशिरा येणारा नवरदेव परका नसता.

त्याहून मोठी शंका वेगळीच आहे. ज्या हाताने भाकरी मिळते, त्याच हाताने पुस्तकही मिळाले तर मुलीचा विश्वास तिचा स्वतःचा किती? या दाखल्याच्या कसोटीवर हे विचारलेच पाहिजे. रमाबाईंचे लेखन मी वर्षानुवर्षे वाचतो आहे आणि उत्तराबाबत माझे मत अजून पालटत असते. उत्तर मिळायचे तर त्या मुलींच्या शब्दांत मिळेल, आणि आपल्यासमोर आहेत ते बहुतेक शब्द त्यांच्याविषयी इतरांनी लिहिलेले.

मनोरमा, जिने पुढे सारे सांभाळायचे होते, ती १९२१ मध्ये आईआधीच गेली. रमाबाई भाषांतर हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. संपूर्ण पुस्तक छापून बाहेर आले ते १९२४ मध्ये.