कान्हेरीची वाट : दर्शनार्थ्यांस मिळणाऱ्या माहितीचे परीक्षण

कान्हेरीच्या लेण्यांवर अभ्यासकांनी लिहिले नाही असे कोणी म्हणणार नाही. डॉ. शोभना गोखले यांचा तेथील शिलालेखांवरील ग्रंथ पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९९१ साली प्रसिद्ध केला. त्याआधी शंभर वर्षांहून अधिक काळ देशी-विदेशी पंडित हे लेख वाचीत आले होते. परंतु विद्वानांचे ज्ञान ग्रंथालयात राहिले, आणि बोरिवलीच्या फाटकातून तिकीट काढून डोंगर चढणाऱ्या माणसाच्या वाट्याला निराळेच काही आले. फलक, माहितीपत्रके, वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांतील सहलीची टिपणे आणि वाटाड्यांची तोंडपाठ बोली या चार वाटांनी जी माहिती सामान्य दर्शनार्थ्यापर्यंत पोहोचते, तिचे परीक्षण करण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

प्रथम नावाविषयी. कान्हेरी म्हणजे 'काळा डोंगर', कृष्णगिरी, एवढे सर्वत्र सांगितले जाते व ते बरोबरही आहे. प्राकृत लेखांत 'कण्हसेल' आणि पुढे संस्कृत लेखांत 'कृष्णगिरि' असे हे नाव येते. मात्र ज्या राष्ट्रीय उद्यानात आज ही लेणी आहेत, ते उद्यान प्रारंभी कृष्णगिरी याच नावाने ओळखले जात होते, ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. पुढे त्यास बोरिवलीचे आणि त्यानंतर संजय गांधींचे नाव मिळाले. डोंगराने उद्यानास नाव दिले होते, आता उद्यानाच्या माहितीपत्रकात डोंगर एक 'प्रेक्षणीय स्थळ' होऊन बसला आहे. बिबट्या, सिंहविहार, नौकाविहार आणि लेणी, असा क्रम आम्ही अनेकदा वाचला आहे. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे हे अरण्य मुंबईस लाभले हे भाग्यच. त्याच्या रक्षणाविषयी आमच्या मनात आदरच आहे. परंतु वनखात्याचे उद्यान आणि पुरातत्त्व खात्याचे स्मारक अशा दोन मालकांच्या दोन तिकिटांमध्ये विहाराची ओळख कोठेतरी गळून पडते.

'गुंफा' या शब्दाविषयीही थोडे बोलले पाहिजे. हिंदीच्या संसर्गाने हा शब्द सर्रास वापरला जातो. आपल्या मराठीने 'लेणे' हा शब्द जपून ठेवला आहे, आणि तो साधासुधा शब्द नव्हे. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात भगवंतांनी भिक्षूंना पाच प्रकारच्या 'लेणां'ची अनुज्ञा दिली आहे : विहार, अड्ढयोग, पासाद, हम्मिय आणि गुहा. म्हणजे गुहा हा लेणाचा एक प्रकार आहे, लेण म्हणजे केवळ गुहा नव्हे. कान्हेरीचे दातेही आपल्या लेखांत 'लेण' असेच कोरवतात. दोन हजार वर्षे टिकून राहिलेला शब्द फलकावर असावा, एवढी अपेक्षा अवास्तव नाही.

आता काळाविषयी. ही लेणी इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकापासून खोदली गेली, असे विधान अधिकृत माहितीतही आढळते. त्यास आधार कोणता? येथील कोणताही लेख इतका प्राचीन नाही. अक्षरवटिकेवरून सर्वांत जुने लेख इसवी सनाच्या आरंभकाळाच्या आसपासचे ठरतात, आणि मोठ्या चैत्यगृहातील लेख तर गौतमीपुत्र यज्ञश्री सातकर्णीच्या राजवटीतील, म्हणजे दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातील आहे. तिसऱ्या शतकाचा हा मोह कोठून येतो ते ओळखणे अवघड नाही. जवळच सोपाऱ्यास अशोकाच्या आठव्या व नवव्या शिलाशासनांचे तुकडे सापडले आहेत, आणि महावंसात योनक धम्मरक्खित थेर अपरान्तात धम्मप्रचारास आल्याची कथा आहे. सोपाऱ्याचा पुरावा सोपाऱ्याचा आहे. तो उचलून कान्हेरीच्या डोंगरावर ठेवता येत नाही. प्राचीनता वाढवल्याने स्थळाचा मान वाढतो, ही समजूत आपण सोडून दिली पाहिजे.

'हीनयान लेणी' आणि 'महायान लेणी' ही विभागणी तर इतकी रूढ झाली आहे की तिच्याविषयी कोणास शंकाही येत नाही. 'हीनयान' हा प्रतिपक्षाने दिलेला हिणवणारा शब्द. कोणत्याही निकायाने स्वतःस तो लावलेला नाही. चैत्यगृहाच्या लेखात ते भदायनीय, म्हणजे भद्रायणीय, आचार्यांना दिल्याचे स्पष्ट कोरलेले आहे. खरे नाव भिंतीवर असताना फलकावर शिवी कशासाठी? पुढे पाचव्या-सहाव्या शतकांत त्याच चैत्यगृहाच्या ओसरीत सुमारे सात मीटर उंचीच्या भव्य बुद्धमूर्ती कोरल्या गेल्या, ४१ क्रमांकाच्या लेण्यात एकादशमुख अवलोकितेश्वर आला. परंतु जुन्या चैत्यातील स्तूप कोणी फोडला नाही. एकाच डोंगरावर संघ बदलत गेला, इतकेच. हे सांगणे कठीण नाही, फक्त दोन कप्पे करून टाकण्याइतके सोपे नाही.

ज्याने आम्हांस हा लेख लिहिण्यास खरे प्रवृत्त केले, तो प्रसंग लहान आहे. काही विद्यार्थ्यांसह आम्ही लेणी पाहत होतो. एक वृद्ध उपासिका नातवाचा हात धरून पायऱ्या चढत होत्या. एका लेण्याच्या दाराशी खडकात खोदलेल्या चौकोनी तोंडाच्या टाक्यापाशी त्या थांबल्या आणि आमच्या एका विद्यार्थिनीस म्हणाल्या, "बाई, हे हौद कुणी खोदले गं? राजानं का?" मुलीने उत्तर दिले, "नाही आजी, सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यानं, चौलच्या माणसानं. त्यांची नावं लिहून ठेवलीयत." आजींनी टाक्याच्या काठावर हात फिरवला. "माझं माहेर चौलकडंच," एवढेच त्या बोलल्या.

ती नावे खरोखरच लिहिलेली आहेत. सोपाऱ्याचा नेगम, म्हणजे व्यापारी, समिक याने पाण्याची पोढी दिली. चेमुल म्हणजे चौल, तेथील हेरणिक सुलसदत्त यानेही पोढीच दिली. एक पोढी वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या कार्दमक कुळातील राणीशी संबंधित आहे. ती अमात्य सतेरकाची देणगी. म्हणजे राणीच्या नावाचे टाके आणि व्यापाऱ्याचे टाके एकाच पावसाने भरत होते. आणि कल्याणच्या नंद नावाच्या लोहाराचे दान तर आमच्या मते सर्वांत हृद्य आहे : त्याने एक वाट करून दिली. 'पथो देयधम', वाट हे देयधर्म. पालीतील 'देय्यधम्म' तोच हा शब्द. आज उद्यानाच्या माहितीत वाटेविषयी बरेच असते : फाटकापासून लेणी सहा-सात किलोमीटर, बस कोठून मिळते, वाहनतळ कोठे आहे. कल्याणच्या लोहाराची वाट मात्र त्यात नसते. चैत्यगृहाच्या लेखातही गजसेन व गजमित या व्यापारी बंधूंबरोबर कामावर देखरेख करणाऱ्यांची नावे आहेत, 'सेलवढकी' म्हणजे पाथरवटांचाही उल्लेख आहे. इतर लेखांत 'अखयनिवि', म्हणजे अक्षय ठेव ठेवून तिच्या उत्पन्नातून भिक्षूंना वर्षाकाळी चीवर मिळावे अशी तरतूद आहे. हे सर्व वगळून 'सातवाहनकालीन लेणी' एवढेच लिहिले की राजा उरतो आणि लोक जातात. आजींचा प्रश्न त्या वगळण्याचेच फळ होता.

८७ क्रमांकाच्या आसपास खडकाच्या कपारीखाली विटांच्या लहान स्तूपांची एक रांग होती. सहलीची टिपणे तिला 'स्मशान' म्हणतात. तेथे दिवंगत थेरांचे अवशेष ठेवून स्तूप बांधले गेले होते, आणि त्यांवरील लेखांत त्यांची नावे व 'अर्हत', 'अनागामी' अशा साधनेच्या अवस्था कोरल्या होत्या. हे लेख डॉ. गोखले यांनीच उजेडात आणले. आपल्याच विहारात राहिलेल्या, आपल्याच डोळ्यांसमोर देह ठेवलेल्या माणसाविषयी संघाने केलेला हा निर्वाळा आहे. पाली वाङ्मयात हे शब्द आपण शिकतो आणि शिकवतो. परंतु हा भिक्षू त्या अवस्थेस पोहोचला होता असे दगडावर लिहून ठेवलेले भारतात फार थोड्या ठिकाणी पाहावयास मिळते. तेथे 'स्मशान' हा शब्द शोभत नाही.

दोष केवळ सरकारी फलकांचा नाही, हेही नमूद केले पाहिजे. आपल्या बांधवांच्या पुस्तिकांत कान्हेरीचा उल्लेख 'नालंदासारखे विद्यापीठ' असा वारंवार येतो. नवव्या शतकातील शिलाहारांच्या काळच्या लेखांत 'कृष्णगिरि महाविहार' आहे, गौड देशाहून आलेल्या अविघ्नाकराने ध्यानासाठी खोल्या करविल्याची नोंद आहे, चीवरांसाठी व ग्रंथांसाठी द्रम्म ठेवल्याचा उल्लेख आहे. ग्रंथांसाठी राखून ठेवलेले ते द्रम्म आम्हांस विद्यापीठाच्या पदवीहून मोलाचे वाटतात. जे लेखांत आहे ते पुरेसे भव्य आहे. ११ क्रमांकाच्या सभागृहास 'दरबार' म्हणणे हीही अशीच सवय. दगडी बाकांच्या त्या लांब ओळी भिक्षूंसाठी होत्या, सरदारांसाठी नव्हेत.

दर्शनार्थी म्हणून येथे आलेल्या काहींनी आपली नोंद स्वतःच केली आहे. ९० क्रमांकाच्या लेण्यात पहलवी लिपीत पारशी यात्रिकांची नावे कोरलेली आहेत, इसवी सन १००९ आणि १०२१ मधील. कान्हेरीचा विहार तेव्हा अखेरच्या काळात होता. आज भिंतीवर नाव कोरणाऱ्यास दंड होतो, व तो व्हावाच; परंतु त्या पारशी मंडळींनी तिथी-साल देऊन नावे लिहिली नसती तर आपण एका पुराव्यास मुकलो असतो.

अलीकडील वृत्तांचाही उल्लेख करावयास हवा. काही वर्षांपूर्वी याच अरण्यात आणखी सात लेणी मुंबईच्या संशोधकांना आढळल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. त्यांत पाण्याची टाकी नसल्याने ती वर्षावासाची असावीत, असा तर्क मांडला गेला. तर्क विचार करण्याजोगा आहे, सविस्तर अभ्यासानंतरच त्यावर मत देणे योग्य. १६ मे २०२२ रोजी बुद्धपौर्णिमेस केंद्रीय मंत्री जी. किशन रेड्डी यांच्या हस्ते लेण्यांपाशी दर्शनार्थ्यांसाठीच्या नव्या सुविधांचे उद्घाटन झाले. सोयी झाल्या हे चांगलेच. त्या दिवशी सोमवार होता, आणि सोमवारी लेणी व उद्यान बंद असतात. १२ मे २०२५ ची बुद्धपौर्णिमाही सोमवारीच आली. पौर्णिमा सोमवारी आल्यास दार उघडे राहील की नाही, हे वेळेच्या फलकावर, तिकिटाच्या खिडकीपाशी, मराठीत एका ओळीने आधी लिहिलेले असावे. पुढच्या सोमवारच्या पौर्णिमेपूर्वी ही ओळ लागावी, म्हणून संबंधित दोन्ही खात्यांस आम्ही या अंकाची प्रत पाठवीत आहोत.