मोबदला, बलुतं आणि वाटा : मुळशीच्या संदर्भात वाटपाचा प्रश्न

मराठीतील मार्क्सवादी समीक्षेने शोषण, वर्गजाणीव आणि उत्पादनसंबंध या संकल्पनांचा ऊहापोह विस्ताराने केला. त्या मानाने वाटपाची संकल्पना तिच्याकडून उपेक्षित राहिली. मालकीचा प्रश्न सुटला की वाटपाचा प्रश्न ओघानेच सुटेल, हे या उपेक्षेमागचे अव्यक्त गृहीतक होय. साम्यवादी समाजात मालमत्तेचे स्वरूप काय असेल आणि वस्तूंचे वाटप कोणत्या तत्त्वावर होईल, याचा विचार करताना हे गृहीतक तपासून घेणे अगत्याचे ठरते. पुणे जिल्ह्यातील मुळशीचा लढा आणि ग्रामव्यवस्थेविषयीचे मराठी लेखन यांतील तीन शब्दांच्या आधारे ही तपासणी करता येते. मोबदला, बलुतं आणि वाटा हे ते तीन शब्द.

नीला व मुळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटांच्या वीज कंपनीने धरण बांधण्यास घेतले, ते मुख्यतः मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवण्यासाठी. एप्रिल १९२१ मध्ये त्याविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला आणि त्याचे नेते पांडुरंग महादेव बापट पुढे 'सेनापती' म्हणून ओळखले गेले. जमीन घेण्यात आली ती १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली. ज्याचा जमिनीवरील हितसंबंध कायद्याला मान्य, त्याला बाजारभाव आणि सक्तीपोटी त्यावर १५ टक्के, असा या कायद्याचा हिशेब होता. 'मोबदला' या शब्दात दोन गोष्टी आधीच गृहीत धरलेल्या असतात : जमिनीला किंमत असते आणि तिला एक निश्चित मालक असतो. 'जान किंवा जमीन' या सत्याग्रहाच्या घोषणेने पहिले गृहीत नाकारले, दुसऱ्याला मात्र स्पर्श केला नाही. अनेक जमिनी कागदोपत्री पुण्याच्या सावकारांच्या होत्या आणि नांगर मात्र कुळांचा होता. सावकाराला जमिनीची किंमत मिळाली तरी चालण्यासारखे होते. कुळाचे तसे नव्हते. 'मावळा' या इतिहासगौरवाने भारलेल्या प्रतिमेखाली हा भेद काही काळ झाकला गेला. राजेंद्र व्होरा यांच्या 'मुळशी सत्याग्रह' या अभ्यासाचे मोल हे, की त्याने प्रतिमेखालचा हा हितसंबंधांचा संघर्ष उघड केला.

मोबदल्याच्या या व्यवहाराला गावाच्या जुन्या व्यवस्थेत काही पर्याय होता काय? त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात बलुत्याचे सविस्तर वर्णन आहे. सुतार, लोहार, चांभार, महार गावाची कामे करीत आणि सुगीला खळ्यावर आपापल्या ओळीप्रमाणे धान्य घेत. प्रत्येक कामाचे मोल वेगळे ठरत नसे आणि त्यासाठी रोकड मोजली जात नसे. मार्क्सनेही 'भांडवल'च्या पहिल्या खंडात (१८६७) अशा भारतीय ग्रामसमूहांची दखल घेतली आहे. तेथील बहुतांश उत्पादन विक्रीच्या मालाचे रूप घेत नाही, हे त्याला महत्त्वाचे वाटले. बाजार वगळला की साम्यवाद उरतो असे मानणाऱ्याला येथे त्याचा प्राथमिक नमुना दिसू शकेल. परंतु थोरली, मधली व धाकटी ही ओळ जन्माने ठरत होती. काम नाकारण्याची मुभा नव्हती आणि हिस्सा ठरवण्याच्या बैठकीत सर्वांना सारखे स्थान नव्हते. 'गावगाडा'त बलुते मोजले जाते ते वाटणाऱ्या व्यवस्थेच्या बाजूने. दया पवार यांनी १९७८ साली आपल्या आत्मकथनाला 'बलुतं' हे नाव दिले तेव्हा तोच शब्द घेणाऱ्याच्या बाजूने उच्चारला गेला आणि त्याचा अर्थ उलटला. धान्याचा हिस्सा दर्शवणारा शब्द वाट्याला आलेल्या दुःखाचा वाचक झाला. वाटपाच्या सिद्धान्ताला मराठी साहित्याने दिलेले हे सर्वांत मौलिक योगदान मानावे लागेल. बाजार नसतानाही वाटप अपमानकारक असू शकते, हे या एका शीर्षकाने सिद्ध केले.

मार्क्सची या विषयावरील सर्वांत नेमकी मांडणी गोथा कार्यक्रमावरील टीकेत (१८७५) आढळते. सामाजिक उत्पन्नातून उत्पादनसाधनांची झीज, विस्तार व आपत्तीसाठीची राखीव ठेव, कारभाराचा खर्च, शाळा व आरोग्य, काम करू न शकणाऱ्यांचा निर्वाह यांची वजावट आधी होते. उरलेले व्यक्तींना मिळते, तेही प्रारंभी दिलेल्या श्रमाच्या प्रमाणात. गरजेनुसार वाटप ही पुढील अवस्था. रोजच्या वापराच्या वस्तू व्यक्तीच्याच राहतात. सामाजिक होतात ती उत्पादनसाधने. या मांडणीचा गाभा वजावटीच्या यादीत आहे. ही वजावट कोण ठरवणार, हा प्रश्न मात्र त्या लेखनात पुरेसा उलगडत नाही.

मुळशीच्या संदर्भात हा प्रश्न टोकदार होतो. सत्याग्रहाच्या आदल्याच वर्षी, १९२० मध्ये, लेनिनने सोव्हिएत सत्ता अधिक संपूर्ण देशाचे विद्युतीकरण असे साम्यवादाचे समीकरण मांडले होते. मुळशीचे धरण समाजाच्या मालकीचे असते, तर बुडणाऱ्या गावांचा प्रश्न सुटला असता काय? कोयनेचा अनुभव होकार देऊ देत नाही. तो प्रकल्प शासनाच्या मालकीचा होता. तरीही विस्थापितांच्या पुनर्वसनाचे लढे अनेक दशके चालले. मालक बदलला, पण वजावट ठरवणारे आणि वजा होणारे निराळेच राहिले. मुळशीचे पाणी आजही सह्याद्री ओलांडून भिऱ्याच्या वीजगृहात उतरते.

तिसरा शब्द याच जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यात, नवा अर्थ घेऊन आला. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी नायगाव येथे आरंभलेल्या प्रयोगातून पाणी पंचायतीची तत्त्वे सिद्ध झाली. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणसांच्या संख्येवर द्यायचे : माणशी अर्धा एकर, कुटुंबाला कमाल अडीच एकर. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. उसासारखे पीक वर्ज्य. येथे 'वाटा' जातीवरून ठरत नाही, सातबाऱ्यावरूनही नाही. आणि गरजेची मर्यादा वाटेकरी स्वतः मान्य करतात. हा साम्यवाद नव्हे. जमीन खाजगीच राहिली आणि योजनांचा आवाका लहान होता. तथापि मालकी अबाधित असतानाही वाटपाचे तत्त्व बदलता येते, हे त्याने दाखवले. मालकी बदलूनही वाटपाचे तत्त्व तसेच राहू शकते, हे कोयनेने दाखवले होते. दोन्ही अनुभव एकत्र वाचले की मालकी व वाटप यांतील नाते आपोआप घडणारे नाही, असाच निष्कर्ष निघतो.

साहित्यसमीक्षेच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की ग्रामीण व दलित साहित्याचे वाचन 'जमीन कोणाची' या प्रश्नाशी थांबू नये. खळ्यावर रास पडल्यावर माप कोणाच्या हाती होते, ओळ कोणी लावली आणि रिकाम्या हाताने परतणाऱ्याला तेथे बोलण्याचा अधिकार होता काय, हे प्रश्न संहितेला विचारले पाहिजेत. साम्यवादातील वाटपाची कल्पना ज्या ठिकाणी खरी कसोटीला लागते, ते ठिकाण हेच आहे.