जखमेचा सामू आणि लातूरचे संशोधन : भोर-वेल्हे परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

भोर व वेल्हे (२०२५ पासून राजगड) हे पुणे जिल्ह्याच्या सह्याद्री पट्ट्यातील भातशेतीचे तालुके आहेत. लावणीच्या दिवसांत शेतकऱ्यांचे पाय दिवसभर चिखलात असतात. विळ्या-कोयत्याने पाय कापला तरी काम थांबत नाही. अशी जखम रेंगाळली की ती भरते आहे की चिघळते आहे, हे घरचे लोक रंग आणि वास यांवरूनच ठरवितात. जखमेची आम्लता, म्हणजेच सामू (पीएच), मोजून याविषयी अधिक निश्चितपणे सांगता येईल काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शास्त्रीय आधार

निरोगी त्वचेचा सामू साधारणतः ४ ते ६ असतो. जॉर्जिना गेथिन यांनी २००७ मध्ये घेतलेल्या आढाव्यानुसार जुनाट जखमांचा सामू ७.१५ ते ८.९ या दरम्यान आढळतो. या मापनश्रेणीत एका अंकाचा फरक म्हणजे आम्लतेत दसपट फरक, हे लक्षात घेतले पाहिजे. अल्कधर्मी जखमेत नव्या ऊतींची प्रथिने तोडणारी विकरे अधिक कार्यक्षम असतात. आम्लता वाढल्यास रक्तातील हिमोग्लोबिन ऊतींना प्राणवायू अधिक सहजतेने देते. लीव्हीन व सहकाऱ्यांनी १९७३ मध्येच जखमेच्या आम्लीकरणाचा पुरस्कार केला होता.

लातूरचे कार्य

महाराष्ट्रात या विषयाचा सातत्याने पाठपुरावा लातूरच्या एमआयएमएसआर वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. बसवराज नागोबा व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या स्यूडोमोनास जंतूंनी गुंतागुंतीच्या झालेल्या, विजेने भाजलेल्या जखमांवर सायट्रिक आम्ल वापरल्याचा त्यांचा लेख १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे ३ टक्के सायट्रिक आम्लाचा वापर त्यांनी विविध जुनाट जखमांवर केला. २०१५ मध्ये आम्लधर्मी परिसर व जखम भरणे यांवरील त्यांचा आढावा आला. स्वस्त व सहज उपलब्ध द्रव्य निवडणे हे या कार्याचे मोठे श्रेय होय.

तथापि एक प्रश्न शिल्लक राहतो. सायट्रिक आम्ल जंतूंनाही थेट मारक ठरते. मग जखम भरली ती सामू उतरल्यामुळे की जंतू मेल्यामुळे? शिवाय भरत आलेल्या जखमेचा सामू आपोआपही उतरतो. म्हणजे सामूची घट हे कारण नसून परिणामही असू शकेल. उपचारापूर्वीचा व नंतरचा सामू नोंदविल्याशिवाय आणि तुलनेसाठी दुसरा रुग्णगट ठेवल्याशिवाय या प्रश्नाचा निकाल लागणार नाही. या गटाच्या अनेक लेखांत असा तुलनागट नाही, ही उणीव मान्य केली पाहिजे.

मापनाची मर्यादा

गेथिन व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये मधोपचाराच्या अभ्यासात २० जखमा मोजल्या. सामू ०.१ ने उतरला तेथे जखमेचा आकार सुमारे ८.१ टक्क्यांनी घटल्याचे त्यांना दिसले. हा निष्कर्ष आकर्षक असला तरी साध्या रंगपट्टीवर अर्ध्या वा एका अंकाचाच फरक वाचता येतो. ०.१ चा फरक टिपण्यास काचेचा विद्युदग्र लागतो. म्हणून गावपातळीवर पट्टीचा उपयोग मर्यादितच राहील : सामू ८ च्या पुढे असलेली जखम वेळीच ओळखणे व रुग्णास तालुक्याच्या ठिकाणी पाठविणे.

येथे घरगुती उपायांचाही विचार आवश्यक आहे. मुक्या मारावर हळद-चुन्याचा लेप परिचित आहे. चुन्याच्या निवळीचा सामू १२ च्या वर असतो. चुना मिसळताच हळद लाल होते ती या अल्कधर्मितेमुळेच. हाच लेप उघड्या जखमेवर लावणे वरील विवेचनाच्या नेमके विरुद्ध जाते. त्याचप्रमाणे घरी पिळलेले लिंबू म्हणजे मोजून तयार केलेले ३ टक्के द्रावण नव्हे, हेही सांगितले पाहिजे.

निष्कर्ष

सामू हा जखमेचा एक साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. रक्तशर्करा, पायाचा रक्तपुरवठा व धनुर्वाताची लस यांची जागा तो घेऊ शकत नाही. परंतु प्रत्येक मलमपट्टीच्या वेळी, औषध लावण्यापूर्वी, जखमेच्या त्याच जागी घेतलेली नोंद दुर्गम वस्तीतील रुग्णाच्या कागदावर राहिली, तर पुढील उपचार अंदाजावर अवलंबून राहणार नाहीत. लातूरने उपचार दिला. त्याला मापनाची जोड देणे हे पुढील संशोधकांचे कर्तव्य आहे.