भाव आणि निवेदक : अर्थवाहिनीच्या प्रेक्षकाविषयी

१

मराठीत ‘निवेदक’ ही संज्ञा दोन क्षेत्रांत वापरली जाते. त्या दोन वापरांचा परस्परसंबंध मात्र फारसा तपासला जात नाही. कथनमीमांसेत निवेदक म्हणजे संहितेच्या आत राहून घटना सांगणारा, लेखकाहून भिन्न असा आवाज. दूरचित्रवाणीच्या व्यवहारात निवेदक म्हणजे पडद्यावर दिसणारी, नाव असलेली आणि वेतन घेणारी व्यक्ती. पहिल्याला देह नसतो. दुसऱ्याचा देह हाच प्रेक्षकाच्या आकर्षणाचा विषय ठरतो. शेअरबाजाराच्या बातम्या देणाऱ्या वाहिन्यांच्या निवेदकांविषयी प्रेक्षकांना वाटणारी ओढ ही म्हणूनच सामान्यतः चेष्टेवारी नेली जाते. ही ओढ निवेदकाच्या रूपापेक्षा त्याच्या निवेदनकार्यातून अधिक नीट उलगडते, आणि तसा उलगडा केला की तिच्यातील धोकाही स्पष्ट दिसतो, असे प्रस्तुत लेखात प्रतिपादावयाचे आहे.

२

निवेदकाविषयीचे आकर्षण मराठी प्रेक्षकाला नवीन नाही. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि बातम्या वाचणारे चेहरे घरोघरी परिचित झाले. भक्ती बर्वे, स्मिता पाटील, प्रदीप भिडे ही नावे त्या परिचयाची साक्ष आहेत. बातम्या वाचणाऱ्या स्मिता पाटील यांच्याकडे श्याम बेनेगल यांचे लक्ष गेले, आणि १९७५ मध्ये त्या त्यांच्या चित्रपटांत आल्या. म्हणजे वृत्तवाचनातील सामर्थ्य एका दिग्दर्शकानेही ओळखले होते. अशा एकतर्फी जवळिकीचे वर्णन डोनल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी १९५६ मध्येच केले होते. पडद्यावरची व्यक्ती थेट आपल्याकडे पाहून बोलते, म्हणून प्रेक्षकाला तिच्याशी ओळख असल्याचा प्रत्यय येतो. त्या व्यक्तीला मात्र प्रेक्षक ठाऊक नसतो.

तथापि दूरदर्शनचा वृत्तवाचक आणि अर्थवाहिनीचा निवेदक यांत एक मूलभूत भेद आहे. पहिला अन्यत्र लिहिली गेलेली संहिता वाचतो. घटना घडून गेलेली असते, वाक्य पूर्ण असते, बातमीपत्राला शेवट असतो. दुसऱ्यापुढे पूर्ण संहिता नसते. सकाळी सव्वानऊ ते दुपारी साडेतीन या वेळात आकडे सतत बदलत राहतात आणि घडत असलेल्या गोष्टीला त्याच क्षणी कथेचे रूप द्यावे लागते. रेमंड विल्यम्स यांनी १९७४ मध्ये दूरचित्रवाणीचे लक्षण म्हणून ‘प्रवाह’ ही कल्पना मांडली; अर्थवाहिनी हे त्या प्रवाहाचे टोक होय. पडद्याच्या तळाशी धावणाऱ्या आकड्यांत आरंभ, मध्य, अंत नसतो. निर्देशांक दोनशे अंशांनी उतरला, एवढे विधान कथा होत नाही. ‘परदेशी गुंतवणूकदार धास्तावले म्हणून उतरला’ असे कोणी म्हटले की कर्ता येतो, हेतू येतो आणि कथा सुरू होते.

‘भाव’ हा मराठी शब्द येथे उपयोगी पडतो. त्याचा एक अर्थ किंमत, दुसरा अर्थ मनोवृत्ती. निवेदक पहिल्या अर्थाच्या भावाला दुसऱ्या अर्थाचा भाव पुरवतो. त्याच्या भुवया, आवाजातील घाई, क्षणभराची स्तब्धता यांतून भीती, उत्साह, विस्मय प्रकट होतात आणि निर्जीव आकडा अनुभवाच्या कक्षेत येतो. प्रेक्षकाची ओढ या रूपांतराकडे असते. ते ज्या चेहऱ्यावर घडते, तो चेहरा मग प्रिय होतो.

३

या ओढीच्या इतिहासात १९९५ हे वर्ष लक्षणीय आहे. त्या वर्षी न्यूयॉर्कच्या शेअरबाजाराच्या सभागृहातून, दलालांच्या गर्दीत उभे राहून मारिया बार्टिरोमो सीएनबीसीसाठी दररोज थेट वृत्तांत देऊ लागल्या. प्रेक्षकांची त्यांच्याविषयीची मोहिनी इतकी वाढली की गायक जोई रामोन याने त्यांच्या नावाचे गीतच रचले. ते त्याच्या मृत्यूनंतर २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांना मिळालेले लाडिक टोपणनावही सर्वश्रुत आहे. लॉरा मल्वी यांनी १९७५ मध्ये मांडलेली पुरुषी दृष्टीची मीमांसा येथे सहज लागू पडते: स्त्री-निवेदकाला ‘पाहण्याचा’ विषय केले की तिने कमावलेले ज्ञान ऐकण्याची निकड कमी होते. परंतु ही मीमांसा सर्व प्रश्नांची उत्तरे देत नाही. पुरुष-निवेदकांभोवतीही अनुयायी जमतात, आणि हे अनुयायी त्यांचे म्हणणे केवळ ऐकत नाहीत, त्यावर पैसे लावतात.

त्याच १९९५ मध्ये मुंबईच्या शेअरबाजारात संगणकीय व्यवहारपद्धती आली. रिंगणातील आरडाओरडा, हातांच्या खुणा, भाव पुकारणारे दलाल हे सर्व ओसरले. राष्ट्रीय शेअरबाजार तर आदल्या वर्षापासून पडद्यावरच चालत होता. बाजाराला दिसणारी जागा उरली नाही. १९९९ मध्ये भारतात इंग्रजी अर्थवाहिनी आली, २००५ मध्ये तिचे ‘आवाज’ हे हिंदी भावंड आले. रिंगणातून नाहीसा झालेला मानवी देह स्टुडिओत परत आला, असे म्हणता येईल. निवेदकाचे आकर्षण हे अंशतः या हरवलेल्या देहाचे आकर्षण आहे.

४

हा प्रेक्षक दलाल स्ट्रीटऐवजी राहात्यासारख्या ठिकाणी ठेवून पाहिला, तर प्रश्नाचे दुसरे अंग दिसते. नगर-मनमाड मार्गावरील या गावाच्या बाजार समितीत कांद्याचा भाव उघड लिलावात ठरतो. गोणी फोडली जाते, माल हातात घेऊन पाहिला जातो, एक नंबर, दोन नंबर, गोल्टी, जोड अशी प्रतवारी होते, बोली चढते. भाव पुकारणारा, घेणारा आणि ज्याचा माल आहे तो शेतकरी एकाच आवारात उभे असतात. तो भाव नेहमी न्याय्य असतो असे नव्हे. व्यापाऱ्यांच्या संगनमताची तक्रार अशा आवारांना नवी नाही. पण ज्याच्याविरुद्ध तक्रार करावयाची तो समोर असतो, आणि भाव पटला नाही तर लिलाव नाकारता येतो.

‘शेअर’ हा शब्दही या परिसरात वेगळ्या अर्थाने रुजला. आज राहाता तालुक्यात असलेल्या लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील यांनी धनंजयराव गाडगीळ यांच्या साहाय्याने सहकारी साखर कारखाना उभा केला. १९५०-५१ च्या हंगामात तो सुरू झाला. तेथे शेअर म्हणजे सभासदत्व, आणि सभासदत्व म्हणजे वार्षिक सभेत उभे राहून विचारण्याचा अधिकार. सहकाराचा पुढचा इतिहास या आदर्शाला कितपत जागला, हा स्वतंत्र विषय आहे. संकल्पना म्हणून मात्र भाग घेणारा आणि प्रश्न विचारणारा येथे एकच होता.

अशा भाषिक संस्कारात वाढलेला प्रेक्षक जेव्हा अर्थवाहिनी पाहतो, तेव्हा तेजी-मंदी हे शब्द त्याच्या ओळखीचेच असतात. अर्थवाहिन्यांचे जग प्रामुख्याने इंग्रजी-हिंदीचे असले तरी त्यामुळे अडत नाही. फरक पडतो तो प्रत्युत्तराच्या शक्यतेत. फोन लावून ‘हा शेअर ठेवू की विकू?’ असे विचारणारा प्रेक्षक प्रश्न विचारत असल्याचा भास होतो. वस्तुतः तो कौल लावत असतो. लिलावाच्या आवारात जो विश्वास माणूस पारखून ठेवतो, तोच तो येथे न पारखता चेहऱ्यावर ठेवतो.

५

वेन बूथ यांनी १९६१ मध्ये ‘अविश्वसनीय निवेदक’ ही संकल्पना मांडली. कादंबरीत असा निवेदक वाचकाला फसवतो, पण संहितेतच फसवणुकीच्या खुणा ठेवलेल्या असतात. त्या ओळखण्यात वाचनाचा आनंद असतो. अर्थवाहिनीच्या संहितेत अशा खुणा असतीलच असे नाही. सेबीने १३ जानेवारी २०२१ च्या अंतरिम आदेशात ‘सीएनबीसी आवाज’वरील ‘स्टॉक २०-२०’ या कार्यक्रमाचे निवेदक हेमंत घई यांच्याविषयी प्रथमदर्शनी निष्कर्ष नोंदवला: कार्यक्रमात ज्या शेअरची शिफारस व्हायची, ते त्यांच्या कुटुंबीयांच्या खात्यांत आदल्या दिवशी घेतले जात आणि शिफारशीनंतर विकले जात. साहित्यशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर निवेदक कथेबाहेर उभा असल्याचे भासवत असताना कथेतील पात्र होता, असा हा आक्षेप आहे.

या प्रकरणाचे महत्त्व एका व्यक्तीपुरते नाही. बाजाराचे निवेदन बाजारच बदलते. ‘हा शेअर चढेल’ हे वाक्य पुरेशा लोकांनी मानले, तर काही काळ तो चढतोच. वर्णन आणि कृती येथे विलग राहत नाहीत. प्रेक्षकाची ओढ जितकी उत्कट, तितके निवेदकाचे वाक्य अधिक खरे ठरते. प्रेक्षकाची मोहिनी हेच निवेदकाचे भांडवल होते.

यावर उपाय म्हणून आकर्षणच त्याज्य ठरवणे व्यर्थ आहे. कथेशिवाय आकडा समजत नाही आणि सांगणाऱ्याशिवाय कथा नाही. मात्र कथात्म साहित्याच्या वाचकाने जी सवय कष्टाने मिळवली आहे, ती येथे आणता येते: कोण सांगतो, कोठून सांगतो, सांगण्यात त्याचे काय गुंतले आहे, हे विचारण्याची. राहात्याच्या आवारातील शेतकरी बोली ऐकताना बोली लावणाऱ्याकडेही पाहतो. कथनमीमांसेची परिभाषा त्याच्याजवळ नसेल, पण तिचा पहिला धडा त्याला अवगत आहे. दूरचित्रवाणीच्या समीक्षेने तो गांभीर्याने घ्यावयास हवा.