‘सेक्रेटरी’चा सचिव

शासकीय मराठीने इंग्रजी ‘सेक्रेटरी’स ‘सचिव’ म्हटले. बेंगळूरात आम्हां मराठी नोकरदारांस या निवडीतील वैगुण्य नित्य जाणवते. कन्नड वृत्तपत्रांतील ‘सचिव’ म्हणजे मंत्री, आणि सेक्रेटरी तो ‘कार्यदर्शी’. दोष कन्नडचा नव्हे. संस्कृतातही सचिव म्हणजे राजाचा सहायक, अमात्य. १६७४ च्या अष्टप्रधानांत अण्णाजी दत्तो सचिव होते, ते प्रधान म्हणूनच. पत्रव्यवहारासाठी शिवकालात ‘चिटणीस’ हा निराळा शब्द होता. बाळाजी आवजींनी त्यास प्रतिष्ठा दिली. तो पक्ष-मंडळांकडे सोपवून आपण प्रधानाचे नाव अधिकाऱ्यास दिले. हिंदीशी मेळ राहिला, हा लाभ खरा. रूढ झालेला शब्द आता बदलू नये. परंतु प्रतिशब्द घडविताना आपला इतिहास आणि शेजारची भाषा दोन्ही पाहावीत, एवढेच आमचे म्हणणे.