लोणीतला ल

बारामती तालुक्यातल्या लोणी भापकरचे नाव संकेतस्थळावर लिहायला घेतले, की पहिल्याच अक्षरापाशी डिझायनर आणि डेव्हलपर यांच्या वाटा वेगळ्या होतात. मराठी वळणाचा ल पाकळीयुक्त, हिंदी वळणाचा दंडयुक्त; युनिकोडमध्ये मात्र दोघांचा क्रमांक एकच, ०९३२. कोणते वळण दिसेल, हे फॉन्ट आणि पानाच्या कोडमधली भाषेची नोंद मिळून ठरवतात.

डिझायनर आधी पान कसे दिसते ते पाहतो. हवा तसा ल मिळाला नाही, तर गावाचे नाव चित्र करून चिकटवण्याचा मोह त्याला होतो. दिसायला ते चोख. पण त्या अक्षरांवर शोध चालत नाही आणि पर्यायी मजकूर दिला नसेल, तर अंध वाचकाच्या स्क्रीन रीडरला ते मुकेच राहते.

डेव्हलपर आधी रचना पाहतो. त्याचा मजकूर शोधता येतो, कॉपी करता येतो. ल हिंदी वळणाचा आला तरी त्याच्या लेखी काम झालेले असते.

दोघांत डेव्हलपरचे पारडे जड, कारण मजकूर जिवंत असेल तर वळण नंतरही सुधारता येते. पण त्याचे समाधान फार लवकरचे आहे. नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये मराठी ल आधीच काढून ठेवलेला आहे. पानाची भाषा मराठी अशी नोंदवली, की तो उमटतो. राज्य शासनाच्या २०२२च्या निर्णयातही पाकळीयुक्त लच सांगितला आहे. तो पडद्यावर यायला कोडमधली एक नोंद लागते, आणि ती नसल्याचे खटकणारा डोळा. मराठी संकेतस्थळाची पहिली परीक्षा याच अक्षरावर घ्यावी.